एका दिवसाचा खंड

सोमवारी जाऊ नका, असं मीच म्हटलं. आता ते दुसऱ्या कोणावर ढकलून उपयोग नाही. गावात मला भांडकुदळ म्हणतात आणि ते खोटं नाही. पण आपल्या चुकीवर मी दुसऱ्याचं नाव लिहीत नाही.

आमचे हे, झुलाल सर, साक्रीच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला एका हायस्कूलात नऊ वर्षं होते. गणित आणि सायन्स शिकवायचे. दोन वर्षं कच्चे होते, मग सात वर्षं पक्के. पक्के झाले त्या दिवशी त्यांनी मला कागद वाचून दाखवला होता. ‘कायम’ हा शब्द आला तेव्हा त्यावर बोट ठेवून थांबले. मी सातवी शिकलेली, मलाही वाचता येत होतं, पण म्हटलं, वाचू द्यावं माणसाला.

आम्ही तिकडेच एका खोलीत राहायचो. इकडे पारोळ्याजवळ गावी माझी सासू धुरपदाबाई आणि सात एकर कोरडवाहू. सासू एकटीनं ते ओढत होती. तिनंही कोणाला बोलावलं नाही आणि आम्हीही फार विचारलं नाही. मग मागच्या मार्गशीर्षात तिला लकवा मारला. डावी बाजू गेली. तोंड वाकडं झालं. पोरगीला घेऊन मी इकडे आले ती इकडचीच झाले.

हे तिकडे, मी इकडे. तीन एसट्या बदलून महिन्यातून एकदा यायचे. शनिवारी दिवेलागणीला पोचायचे आणि रविवारी जेवून निघायचे. सासूला कूस बदलायला दोन माणसं लागतात, आणि घरात मी एक. पाठीला जखमा पडल्या. मी राख गाळून लावायची, खोबरेल लावायची. ती कण्हायची, पण रडायची नाही. रोज सकाळी एकच विचारायची, “झुलाल उना का?”

“नाही आला, अक्का. शाळा आहे.”

“हं,” म्हणायची, आणि भिंतीकडे बघत पडायची.

चैत्रात कळलं की आमच्यापासून चार मैलांवरच्या हायस्कूलात गणिताचे सर रिटायर होतायत आणि दोन जागा भरणार आहेत. संस्थेचे चिटणीस जवरीलाल शेठ. त्यांचं त्या गावात कापडाचं दुकान. सासऱ्यांच्या वेळेपासूनची ओळख. मी स्वतः जाऊन त्यांना भेटले. शेठ म्हणाले, “झुलालसारखा माणूस येत असेल तर मला दुसरा बघायचाच नाही.”

पण हे मानेनात. सरकारी शाळा असती तर बदली मागता आली असती. या खासगी संस्थांमध्ये बदली नावाची गोष्टच नाही. इथला राजीनामा द्यायचा आणि तिथं नवीन म्हणून लागायचं. पुन्हा दोन वर्षं कच्चे. मेच्या सुटीत, आखाजीला म्हणजे अक्षय तृतीयेला आले तेव्हा ओट्यावर बसून हे मला समजावत होते.

“पक्का माणूस शाळा सोडत नाही सुनंदा. आमच्याकडे सगळे मला वेडा म्हणतायत.”

“मग त्यांना म्हणावं, या आणि माझ्या सासूला उचला.”

दोन दिवसांनी आपणच सायकल काढून नव्या शाळेच्या हेडसरांना भेटून आले. आले ते जरा मोकळे होऊन आले. हेडसर म्हणाले होते, सुटी संपते त्या दिवशी तिथून सुटा आणि शाळा उघडते त्या दिवशी इथं सही करा. मध्ये खंड पडला नाही तर जुनी नऊ वर्षं धरून घ्यायला आपण वर लिहू. तशी घेतलीयत याआधी एकदोघांची. तेवढं जमलं तर भीती नाही.

मग राजीनामा लिहिला. यांचं अक्षर मोत्यासारखं. सासूच्या बाजेशी बसून, मांडीवर पोरगीची पाटी घेऊन लिहिला. सासूला मी मोठ्यानं सांगितलं, “अक्का, हे आता इथंच येणार. कायमचे.” तिचा उजवा हात वर आला आणि यांच्या डोक्यावर जाऊन पडला. त्या हाताला वजन नव्हतं काही. यांचे डोळे भरले. मी उठून गाईला पाणी दाखवायला गेले.

शाळा उघडायची होती नऊ जूनला, सोमवारी. आणि सोमवारी होती अमावास्या. वैशाखाची.

सकाळी हे न्हाऊन, पांढरा सदरा घालून तयार. सायकलला तेल दिलेलं. मी भाकरी थापत होते. तेवढ्यात शेजारची मोतीबाई ताक मागायला आली आणि म्हणाली, “आज कोठे चालनात मास्तर? आमुशा शे आज!”

माझा थापता हात थांबला. वर्षभर आम्ही काय काय भोगलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी बैल गेला, मग सासू पडली. मला भीती बसली होती. नव्या नोकरीची पहिली सही, आणि ती अमावास्येला?

“अहो, उद्या जा.”

“हेडसरांनी पहिल्या दिवशी बोलावलंय.”

“पहिल्या दिवशी शिकवतं कोण? घंटा वाजते, पोरं वर्ग झाडतात आणि घरी जातात. मी काय शाळेत गेले नाही?”

“सुनंदा, मी सायन्सचा मास्तर आहे.”

“मग सायन्स शिकवा मंगळवारपासून. माझं मन मानत नाही. एवढं मोठं सोडून आलात, मग एका दिवसानं काय जातंय?”

ते हसले. वळून आईकडे बघितलं. सासूला सगळं ऐकू येत असायचं. तिनं मान हलवली आणि जीभ ओढत म्हणाली, “नको जाऊ. आमुशा शे.” बस्स. यांनी सायकल पुन्हा भिंतीला लावली, सदरा खुंटीवर टांगला आणि औत घेऊन शेतात गेले. दिवसभर वखर चालवला. मला इतकं बरं वाटलं त्या दिवशी. माणूस घरी, शेतात. मी भाकरी घेऊन गेले तेव्हा बांधावर बसून आम्ही दोघं जेवलो.

मंगळवारी सकाळी साखर हातावर दिली. हे गेले.

संध्याकाळी आले ते खुशीत. जवरीलाल शेठ शाळेतच होते. कालचं कारण कळल्यावर पाठ थोपटून म्हणाले, “शहाणं केलं मास्तरसाब. आम्हीसुद्धा अमावास्येला नवं काही धरत नाही.” दुसरे नवे सर, पंडित सर, रावेरकडचे, पहिलीच नोकरी. ते बिचारे सोमवारीच बायकोसकट येऊन पडले होते. राहायची सोय नव्हती म्हणून शाळेच्याच एका खोलीत उतरले आणि अकरा वाजता सही करून मोकळे झाले. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी त्यांचं नाव अमावास्येचे सर असं ठेवलं. हे ते सांगून हसले, मीही हसले.

“तुम्ही काय लिहून दिलं?” मी विचारलं.

“रुजू झाल्याचा अर्ज. काल अमावास्या असल्याने आज रोजी हजर झालो आहे.”

“तसंच लिहिलं?”

“खरं तेच लिहायचं की.”

पुढचे चार महिने मी सुखात होते. हे सांगायला मला लाज वाटत नाही. पहाटे हे एक बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं सासूला उचलायचो. खालचं धडपं बदलायचं, पाठ पुसायची. पंधरा दिवसांत जखमा सुकायला लागल्या. मग हे तासभर शेतात. कोळपं धरायचे, निंदायला बसायचे. साडेनवाला हातपाय धुवून सायकलवर. नखात माती राहिली की मी काडीनं काढून द्यायची, कारण फळ्यावर पोरांना हात दिसतो. सासू आता विचारायची नाही. हे आले की सायकलच्या आवाजाकडे मान वळवायची.

पंडित सरांनी शाळेच्या गावात खोली घेतली होती. त्यांची बायको सुंदरबाई, वीस वर्षांची असेल नसेल, पोटुशी. आमच्याकडे दोन-तीनदा आली. सासूचे पाय दाबून गेली. मला म्हणायची, “वहिनी, मला इथं माणूस नाही. माझ्या वेळेला तुम्ही या हं.” मी म्हटलं, “येईन. ओरडू नको म्हणून दटावीन पण.” ती हसायची. लोणच्यातल्या फोडी मोजून खायची, नवऱ्याला पुरायला पाहिजे म्हणून.

नवरात्र झालं. भुईमूग उपटायला आला. मी आणि मोतीबाई ओळीनं उपटत होतो. जमीन वाळली होती, वेल ओढला की बोटं सोलून निघायची. चार वाजले असतील. हे बांधावरून येताना दिसले, सायकलवर बसून नव्हे, सायकल हातात धरून. मी म्हटलं, पंक्चर झाली असेल.

पंक्चर नव्हती. सायकल आडवी टाकून हे सरीत बसले आणि एक वेल उपटायला घेतला, शाळेच्या कपड्यात.

“अहो, सदरा!”

“एक जागा कमी झाली,” हे म्हणाले.

मोतीबाई समजूतदार. पाणी प्यायला जाते म्हणून विहिरीकडे गेली.

त्या वर्षापासून शाळेतली अकरावी बंद झाली होती, दहावीला मॅट्रिक. हे सगळ्यांना ठाऊक होतं. वर्ग एक गेला तरी जागा तेवढ्याच राहतील असं संस्था म्हणत होती. पण वरून मंजुरीचा कागद आला त्यात एक शिक्षक कमी. जो सगळ्यांत खालचा, तो दिवाळीच्या सुटीपासून घरी.

“मग तो पंडित,” मी म्हटलं. माझ्या तोंडून पटकन निघालं. “त्याची पहिलीच नोकरी. तुमची नऊ वर्षं झालीयत.”

“तो सोमवारी लागलाय. मी मंगळवारी.”

“एका दिवसानं?”

“एकाच दिवशी सही झाली असती तर मी वयानं मोठा म्हणून वर असतो. आणि जुनी नऊ वर्षं धरायची तर खंड नको. आठ तारखेला तिथून सुटलो, दहाला इथं लागलो. नऊ तारीख कुठेच नाही.”

मी उभी होते ती खाली बसले. हे वेल उपटत राहिले. शेंगा जमिनीत तुटून राहात होत्या, खुरप्यानं उकरायला पाहिजे होतं, पण त्यांना सुचत नव्हतं आणि मला सांगवेना.

“मी म्हटलं जाऊ नका,” मी म्हणाले.

“मी ऐकलं,” हे म्हणाले. त्यापुढे त्यांनी या गोष्टीवरून मला एक शब्द कधी बोलून दाखवला नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी यांच्याबरोबर जवरीलाल शेठच्या दुकानी गेले. शेठनी गिऱ्हाईक सोडून आम्हाला आत बसवलं. घरातून त्यांच्या आईनं, सुगनबाईनं, पाणी पाठवलं. मी ठरवून गेले होते की चांगलं सुनवायचं. पण शेठच आधी बोलले.

“मी रात्री जेवलो नाही बाई. ज्या दिवशी शाबासकी दिली तो दिवस डोळ्यांसमोर येतो.”

“मग हजेरीवर सोमवारची सही करू द्या यांना. तुमचीच शाळा आहे.”

“सोमवारच्या रकान्यात यांच्या नावापुढे हेडसरांनी लाल रेघ मारलीय. जूनची हजेरी जुलैत वर गेली. आणि आता आणीबाणी आहे. पूर्वीसारखं राहिलं नाही. पारोळ्याला एक तारीख खोडली म्हणून कारकून घरी बसलाय.” ते थांबले. “आणि सही करू दिली तर पंडित जातो. त्याला काय सांगू?”

शेठनी संस्थेच्या कागदावर शिफारस लिहून दिली की एक दिवसाचा खंड माफ व्हावा. निघताना पोरगीसाठी फ्रॉकचं कापड द्यायला लागले. मी म्हटलं, नको. तेवढं एक मी रागानं म्हटलं.

सासूजवळ मोतीबाईला बसवून आम्ही जळगावला गेलो. शिक्षणखात्याच्या ऑफिसात सगळे जागेवर बसलेले होते. भिंतीवर शिस्तीची पाटी नवी रंगवलेली. दीड वाजेपर्यंत बाकावर. यांनी खिशातला कंगवा काढून चार वेळा केस नीट केले. मग आत बोलावलं. टेबलामागे एक चष्म्यातले गृहस्थ. आवाज मऊ होता, वाईट माणूस वाटला नाही. फाईल उघडली, शिफारस वाचली आणि मग खालून यांचा अर्ज काढला.

“काल अमावास्या असल्याने,” त्यांनी मोठ्यानं वाचलं. शेजारच्या दोन टेबलांवरच्या माना वर झाल्या. “हे तुमचंच अक्षर का?”

“हो साहेब.”

“छान आहे अक्षर. विषय काय शिकवता?”

“गणित आणि...” हे थांबले. “सायन्स.”

पलीकडच्या टेबलावरचा एक जण खोकल्यासारखं करून हसला. यांचे कान लाल झाले. माझ्या मनात आलं की त्या हसणाऱ्याला विचारावं, तुझ्या घरी अमावास्येला लग्न लावतात का रे? पण यांचं काम बिघडेल म्हणून पदर तोंडाशी धरून बसले.

“खंड माफ होतो,” ते गृहस्थ म्हणाले. “आजारपण असेल, घरात कोणी वारलं असेल, पुरानं रस्ता बंद असेल. तेवढी कारणं आहेत. हे कारण कुठे बसवू मी?”

“घरात आजारपण होतंच की,” मी मध्येच बोलले. “माझी सासू लकव्यानं पडलीय. तिच्यासाठीच तर हे सगळं केलं.”

“त्या दिवशी दवाखान्यात नेलं होतं का त्यांना?” त्यांनी यांच्याकडे बघितलं. थोडं थांबूनच विचारलं. ‘हो’ म्हणा, असं सांगत असल्यासारखं विचारलं. मला ते कळलं. मी टेबलाखाली यांच्या मांडीला चिमटा काढला.

“नाही,” हे म्हणाले. “त्या दिवशी मी वखर चालवला.”

गृहस्थांनी फाईल मिटली. “म्हटलं असतंत तरी या कागदानं खोटं पाडलं असतं,” ते म्हणाले, आणि ते माझ्याचकडे बघून म्हणाले. “मी तुमचा अर्ज पुण्याला पाठवतो. उत्तर येईल वर्षा-दीड वर्षात. आशा लावून बसू नका.”

परत येताना एसटीत यांना खिडकी मिळाली. पारोळा येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. पारोळ्याला उतरल्यावर म्हटलं, “एकदा हो म्हणाला असतात तर जीभ झडली असती का?” त्यांनी फक्त माझ्या हातातली पिशवी घेतली. मग मला रडू आलं, तिथंच, चालता चालता.

दिवाळीला आठ दिवस होते तेव्हा पंडित सर आमच्याकडे आले. मी चुलीपुढे होते. मध्ये नुसतं कुडाचं भिंताड. सगळं ऐकू येतं. आल्यावर आधी सासूच्या पाया पडले, मग यांच्यासमोर बसले.

“सर, मी राजीनामा देतो,” ते म्हणाले. “मी गेलो की जागा तुमचीच राहते. मी हेडसरांना विचारलंय.”

हो म्हणा, मी मनात म्हटलं. एवढं घ्या. देवा, यांना बुद्धी दे. सुंदरबाईचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला तो मी मुद्दाम बाजूला सारला. हो, सारला. माझ्या सासूची पाठ मला दिसत होती, आणि ती एकटीनं उचलायचे दिवस दिसत होते. ती दोघं तरुण, त्यांना कुठेही मिळेल, असं मी स्वतःला सांगत होते.

“कोणता महिना आहे वहिनींना?” यांनी विचारलं.

“आठवा.”

“मग कुठे जाल?”

“रावेरला केळीच्या वखारीवर हिशेब लिहायला माणूस पाहिजे म्हणतात. बघू.”

चुलीतलं लाकूड मी पुढे ढकललं नाही, आवाज होईल म्हणून.

“तुम्ही वेळेवर आलात पंडित,” हे म्हणाले. “तुमची काही चूक नाही. राहा तुम्ही.”

“सर, खरंच देतो मी. मनापासून सांगतो.”

“मला माहीत आहे. जा, दिवस मावळायच्या आत पोचा.”

मी दाराशी आले. चहासाठी थांबा असं म्हणायला पाहिजे होतं, ते मी म्हटलं नाही. पंडित सर अंगणातून गेले ते आधी हळूच गेले. मग कुंपणाबाहेर पडल्यावर सायकलवर टांग टाकली आणि अशी जोरात मारली की चिंचेपर्यंत पोचायच्या आत दिसेनासे झाले. कोणी मागून हाक मारील याची भीती वाटावी तसे. मला त्यांचा राग यायला पाहिजे होता. आला नाही. वीस-बावीस वर्षांचं पोर ते, घरी बायको वाट बघत असेल की काय ठरलं.

राग यांचा आला. त्या दिवशी मी ताट वाढलं आणि दणकन ठेवलं. “मोठे धर्मराज लागून गेलात! आईला विचारलं होतं का? मला विचारलं होतं? मी काय भिंत आहे?” खूप बोलले. जे बोलू नये तेही बोलले. हे खाली मान घालून जेवले. शेवटी म्हणाले, “घेतली असती जागा, तर तू सुंदरबाईच्या बाळंतपणाला कशी गेली असतीस?”

मी म्हटलं, “गेले असते. तोंड वर करून गेले असते.” पण ते खोटं होतं, आणि त्यांना ते कळलं.

जुन्या शाळेला यांनी पत्र टाकलं होतं. दिवाळीनंतर उत्तर आलं. तिथली एक बाई बाळंतपणाच्या रजेवर जाणार होती. तीन महिन्यांची जागा आहे, यायचं तर या. तुमची कायमची जागा जूनमध्येच भरली. तिथं फत्तेसिंग लागलाय. फत्तेसिंग म्हणजे यांचाच विद्यार्थी, पायथ्याच्या पाड्यावरचा. आमच्या खोलीवर कंदिलाशी बसून बीजगणित शिकला होता. भाकरीला लाजायचा, मी बळेच वाढायची. पोरगा लागला हे ऐकून एरवी मी गूळ वाटला असता.

“त्याच्या हाताखाली?” मी विचारलं.

“हाताखाली नाही. यादीत वर तो, मी शेवटी. सही शेवटी करायची. त्यात काय एवढं.” हे हसले, पण तोंडभरून नाही. “तीन महिने आहेत. तोवर दुसरीकडे अर्ज करतो.”

“त्या तीन महिन्यांनंतर?”

त्यांनी पत्राची घडी करून खिशात ठेवली.

जायच्या दिवशी पहाटे आम्ही दोघांनी सासूला उचललं. पाठ पुसली, तेल लावलं, स्वच्छ धडपं घातलं. हे तिच्या कानाशी वाकून म्हणाले, “माय, शाळेत जाऊन येतो.” ती मान वळवून यांच्याकडे बघत राहिली. ट्रंक भरलेली तिला दिसत होती. ती वेडी नव्हती.

फाट्यापर्यंत ट्रंक मी डोक्यावर घेतली, हे वळकटी घेऊन पुढे. दोन्हीकडे ज्वारी हुरड्याला आली होती. पाखरं हाकायला माणूस ठेवायला पाहिजे, असं मी म्हटलं, हे ‘हो’ म्हणाले. फाट्यावर खालच्या गल्लीचे अमरसिंग नाना बसले होते, पारोळ्याच्या बाजाराला निघालेले. यांना बघून नाना उठून उभे राहिले. गावात मास्तर म्हटलं की म्हातारीकोतारीही उभी राहतात.

“काय मास्तर, ट्रंक लिसन? बदली व्हयनी का?”

खासगी शाळेत बदली नसते. हे मी गावात किती जणांना समजावून सांगितलं होतं. कोणी चुकून बदली म्हटलं की मी लगेच टोकायची, बदली नाही हो, राजीनामा देऊन आलेत, आपल्या आईसाठी आलेत. माझ्या तोंडावर आलंही. यांनी माझ्याकडे बघितलं. कोणापुढे हात पसरताना माणूस बघतो तसं बघितलं.

“हो नाना,” मी म्हटलं. “बदली झाली.”

“सरकारी मानूसले बदली काही सुटत नही,” नाना म्हणाले, आणि एसटी आली तेव्हा त्यांनी आपली पिशवी खाली ठेवून यांची ट्रंक आधी वर चढवली.

एसटी गेली. मी तशीच घरी आले. ऊन वर आलं होतं, सासूची कूस बदलायची वेळ टळून गेली होती. तिच्या खांद्याखाली हात घातला आणि एकटीनं लोटलं. अर्धीच वळली. पुन्हा लोटलं. तिनं उजव्या हातानं बाजेची कड धरून ओढायला बघितलं, माझ्यासाठी. तोंडातून आवाज निघाला नाही तिच्या. झुलाल उना का, असं काही तिनं विचारलं नाही, आणि मग संध्याकाळपर्यंत विचारलं नाही.